एकदाही नाही

पोरगा ट्रकभोवती दोन चकरा मारतो,
बुटाने टायर ठोकतो, कारण ठोकायचे असतात,
वाकून गंज बघतो, आणि मग तेच विचारतो
जे सगळे विचारतात:
कधी दगा दिलाय का हिने?

माझ्या बापाकडे उत्तर तयार असे.
नॉर्थ डाकोटातल्या आमच्या गावच्या कॅफेत,
सकाळी सहाला, टोपी न काढता,
चाळीस वर्षं तो ते देत आला.
"फोर्डने? मला?
एकदाही नाही."

दोनदा बदललेला गिअरबॉक्स तो हिशेबात धरत नसे.
गिअरबॉक्सचा दोष गिअरबॉक्सचा.
पंप गेला तो पंप बसवणाऱ्यामुळे.
दार आतून उघडत नाही, काच खाली करून
हात बाहेर घालून उघडायचं,
ही सवय होती, बिघाड नव्हे.
शेजारच्या डेल कुबिश्टाच्या शेवरलेचा मात्र
मागचा एक दिवा जरी गेला
तरी म्हणे, "बघ. जातच तसली."
आपला तो बाब्या.

तो शब्दही घरात उच्चारायचा नसे.
"ते दुसरं" म्हणायचं.
मामेबहिणीने त्या दुसऱ्यातल्या एकाशी लग्न केलं,
तेव्हा बाप आहेर घेऊन गेला, पोटभर जेवला,
आणि ट्रक मुद्दाम लांब लावून आला,
त्यांच्या रांगेत नको म्हणून.

मी अकरा वर्षांची होते. फेब्रुवारी.
उणे तीस, वारा वेगळा.
आईला मायनॉटच्या इस्पितळात ठेवून परतत होतो.
टाकीत डिझेलची लापशी झाली.
इंजिन दोनदा खोकलं
आणि इतकं गप्प झालं
की मला बापाचा श्वास ऐकू आला.
पाऊण तास तो फोन हातात धरून बसला.
लावला नाही.
मग माझे दात वाजायला लागले.
मग लावला.

डेल आला. पायजम्यावर कोट.
एक शब्द बोलला नाही.
गुडघ्यावर बसून साखळी अडकवली
आणि हायवे सोडून आम्हाला
शेतांमागच्या खडीच्या रस्त्याने ओढत नेलं.
गाव जवळ आलं तसे स्वतःचे दिवे मालवले.
धान्याच्या कोठारामागून,
कॅफेच्या खिडकीला वळसा घालून.
रात्रीचे दोन. कोण बघणार होतं?
तरी मालवले.

बाप स्टिअरिंग धरून ताठ बसला होता,
वळणावर सिग्नलसुद्धा देत होता,
जणू गाडी तोच चालवतोय.

पुढे तेवीस वर्षं
डेल समोरच्या खुर्चीत बसून
"एकदाही नाही" ऐकत राहिला,
बिनसाखरेच्या कॉफीत चमचा फिरवत.
दफनाच्या दिवशीसुद्धा,
पाद्रीबाईंनी बापाचं ते वाक्य सांगितलं, लोक हसले,
डेलने फक्त मान हलवली. होय म्हणून.

"बंद पडते," मी पोराला सांगते.
"थंडीत. रात्री हीटरची वायर लावायला विसरायचं नाही."
तो किमतीतून सातशे डॉलर उतरवतो. उतरव.
आत बसून डोळ्यांवरचं ऊन अडवायला
सन व्हायझर खाली ओढतो.
मागे पेन्सिलने एक नंबर, बापाच्या हातचा,
पुन्हा पुन्हा गिरवलेला. नाव नाही.
"हा कुणाचा?"
"असू दे तो," मी म्हणते.

संध्याकाळी डेलचा फोन.
विकलीस?
विकली.
पोरगा बरा आहे?
बरा वाटला.
घरी काय आहे त्याच्याकडे?
टोयोटा, मी सांगते.

पलीकडून बराच वेळ काही येत नाही,
नुसता चमचा
कपाला लागल्याचा आवाज.